पळून जाणारा मुलगा आणि तीर्थोपाध्यांची वही

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. म्हणून या प्रकरणात कोणाचंच नाव घेतलेलं नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मुलगा म्हणजे मुलगा. ज्यांच्या घरी तो राहतो त्यांना तो काका-काकू म्हणतो, मीही तेच म्हणेन. तिसरे आहेत गुरुजी. मी या मुलाची समाजकार्यकर्ती. त्याच्या घरभेटी, अहवाल आणि आढावा माझ्याकडे होता.

प्रकरण माझ्या हाती आलं तेव्हा फाइलवर एकच तक्रार होती: मुलगा वारंवार पळून जातो. सात आठवड्यांत पाच वेळा. पाचही वेळा तो गोदाघाटावर सापडला होता, रामकुंड आणि दुतोंड्या मारुतीच्या आसपास. तीनदा काकांनी शोधून आणलं, दोनदा पोलिसांनी. कुठे गेला होतास, का गेला होतास, याचं उत्तर त्याने कोणालाच दिलं नव्हतं.

मुलगा सुरगाणा तालुक्यातला. सुरगाणा-पेठकडची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला उतरतात. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीपासून खुडा संपेपर्यंत बागेच्या कडेलाच पालं पडलेली असतात. त्याची आई अशीच बागांवर राबायची. तो पाच वर्षांचा असताना ती तापाने गेली. वडिलांचा पत्ता त्याआधीपासून नव्हता. मग आजी, म्हणजे आईची आई, त्याला घेऊन बागांवर येऊ लागली. शाळा पावसाळ्यात गावी, हंगामात कुठेच नाही. घरची बोली कोकणा आदिवासींची कोकणी, शाळेची मराठी वेगळी, त्यात वर्ष अर्धं.

तो साडेआठ वर्षांचा होता तेव्हा आजी बागेवरच आजारी पडली. तिला जीपमध्ये घालून गावाकडे नेलं. मुलगा पालातल्या दुसऱ्या कुटुंबाजवळ राहिला. जीपमध्ये जागा नव्हती म्हणून, की दोन दिवसांत परत आणू असं वाटलं म्हणून, हे आता कोणी सांगत नाही. पंधरा दिवसांनी त्याला कळलं की आजी गेली. हंगाम संपला, पालं उठली, आणि हा उरला. कोणीतरी १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाइनवर, फोन केला. तिथून बाल कल्याण समिती, समितीच्या आदेशाने बालगृह, आणि दोन वर्षांनी काका-काकूंचं घर.

आपल्याकडे पालकत्व म्हटलं की लोकांना दत्तक आठवतं, म्हणून थोडं सांगते. त्याच कायद्याच्या कलम ४४ मधली ही पालक कुटुंबाची (फॉस्टर केअर) व्यवस्था वेगळी आहे. मूल त्या घरात राहतं, जेवतं, त्या घरातून शाळेत जातं, पण कायद्याने त्या घराचं होत नाही. नाव-आडनाव तेच राहतं. समितीच्या आदेशाला मुदत असते, वेळोवेळी आढावा होतो, आणि मूळ कुटुंबाचं कोणी असेल तर मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तोवर त्यांना भेटता येतं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशा मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. कागदावर हे सगळं स्पष्ट असतं. मुलाच्या मनात मात्र प्रश्न एकच असतो: मी इथे किती दिवस?

काका सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर, काकूंचं पंचवटीत छोटं पोळी-भाजी केंद्र, मोठी मुलगी लग्न होऊन गेलेली. घर प्रेमळ आहे, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या घराची चूक शोधणाऱ्यांना काही मिळणार नाही. काकूंनी त्याच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला होता. चार महिने तो रिकामाच राहिला. मुलाचे कपडे बालगृहातून आलेल्या पिशवीत, पिशवी खाटेखाली. पाणी प्यायचं तर विचारून. ताटातलं आवडलं नाही तरी संपवायचं, आवडलं तरी परत मागायचं नाही. काकू एकदा मला म्हणाल्या, ‘ताई, चार महिने झाले, पाहुणा जात नाही हो याच्यातला.’

मी माझ्या परीने एक काम केलं होतं. ‘माझी गोष्ट’ नावाची एक वही असते, अशा मुलांना आपला मागचा-पुढचा धागा जुळवता यावा म्हणून. पानावर चौकटी छापलेल्या: माझं कुटुंब, माझं गाव, माझी आवडती माणसं. दर भेटीत मी ती उघडायचे. दर भेटीत तो चौकटीकडे बघत बसायचा. मी अहवालात लिहिलं: ‘भावना व्यक्त करण्यास अनुत्सुक. पालक कुटुंबाशी जुळवून घेण्यात अडचण. घरातून पळून जाण्याची प्रवृत्ती.’ हे शब्द माझे आहेत. ते चूक निघाले, म्हणूनच हे प्रकरण लिहिते आहे.

पाचव्या वेळेनंतरच्या भेटीत तो आपण होऊन बोलला. त्याने मला विचारलेला तो पहिलाच प्रश्न.

‘माझ्या आजीचं नाव काय होतं?’

मी फाइल उघडली. दुसऱ्याच पानावर होतं. पहिल्या दिवसापासून होतं. समितीपुढच्या चौकशी अहवालात, त्यावरून केलेल्या काळजी आराखड्यात, आणि माझ्या स्वतःच्या अक्षरात एका टिपणावर. मी ते वाचून दाखवलं. त्याने दोनदा ओठांत म्हटलं आणि उठून गेला. आजीला सगळे आजीच म्हणायचे, आणि आठ वर्षांच्या पोराला आजीचं नाव माहीत असायचं कारणच नव्हतं. ते माहीत असणारं शेवटचं माणूसही तीच. आम्ही सगळ्यांनी त्याच्याबद्दल इतकं लिहून ठेवलं होतं आणि त्यातलं त्याचं असलेलं एक नाव त्याला सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं.

पण हा प्रश्न त्याला पडला कुठून? हे मला तेव्हा सुचलं नाही. तीन आठवड्यांनी कळलं.

श्रावणातला दिवस. धरणक्षेत्रात पाऊस, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलेला. नाशिककरांना पुराचा आकडा क्युसेकमध्ये कळतोच, पण खरा कळतो तो दुतोंड्या मारुतीवरून. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. शाळा अर्ध्या दिवसाने सोडल्या आणि मुलगा घरी आला नाही. काकूंनी केंद्र तसंच टाकलं आणि घाटाकडे पळाल्या. पोलीस कोणाला पुढे सोडत नव्हते. मला फोन आला तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, नुसत्या ‘ताई, ताई’ करत होत्या.

तो सापडला घाटामागच्या गल्लीतल्या एका जुन्या वाड्यात. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा, छातीशी लाल कापडात बांधलेलं एक जड गाठोडं, आणि वर एक म्हातारे गृहस्थ हात पुढे करून. पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं. दोघांनी मिळून खालच्या खोलीतली दप्तरं माडीवर नेऊन ठेवली होती. काकूंना पाहून तो म्हणाला, ‘अजून सहा राहिलेत.’ काकूंनी आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग रडल्या, आणि मग त्या सहामधली चार गाठोडी स्वतः वर नेली.

ते गृहस्थ म्हणजे गुरुजी. सत्तरी ओलांडलेले तीर्थोपाध्ये. ती दप्तरं म्हणजे त्यांच्या घराण्याच्या नामावळीच्या वह्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: नाशिक-त्र्यंबकला अस्थिविसर्जनासाठी, श्राद्धासाठी, यात्रेला येणाऱ्या माणसांची नोंद इथली उपाध्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आली आहेत. गाव, आडनाव, कोण आलं, बरोबर कोण होतं, कोणाच्या निमित्ताने आलं, खाली येणाऱ्याची सही किंवा अंगठा. कोणत्या भागातले, कोणत्या कुळातले यजमान कोणाकडे, हे घराण्यांमध्ये वाटलेलं असतं. जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. पणजोबाचं नाव हरवलेला माणूस इथे येऊन गावाचं नाव सांगतो आणि पुष्कळदा त्याला पणजोबाची सहीच बघायला मिळते.

गुरुजींनी नंतर मला सांगितलं ते असं. हा पोरगा महिनाभर रामकुंडापाशी येऊन बसायचा. भीक मागायचा नाही, पाण्यात उतरायचा नाही. जिथे संकल्प चालू असेल तिथे जवळ सरकून ऐकायचा. संकल्पात गाव आणि गेलेल्याचं नाव उच्चारलं जातं, ते ऐकायचा. एके दिवशी त्याने गुरुजींना विचारलं, ‘सुरगाण्याकडची माझी आजी आली का इकडं?’ बालगृहात कोणीतरी मोठ्या मुलाने त्याला सांगितलं होतं की मेलेल्या सगळ्यांना शेवटी गंगेवर आणतात. नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात. पंचवटीत राहायला आल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती गंगा चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

गुरुजींनी विचारलं, ‘आजीचं नाव काय?’ तो म्हणाला, ‘आजी.’ गुरुजी म्हणाले, ‘नावाशिवाय शोधता येत नाही रे. नाव घेऊन ये, आपण बघू.’

मला या वाक्याकडे पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं. आम्ही त्याला किती प्रश्न विचारले होते! कसं वाटतंय, राग येतो का, काकू आवडतात का. त्या उत्तरांचं पुढे काय होतं हे त्याला कधी दिसलं नाही. इथे एका म्हाताऱ्या माणसाने त्याचा प्रश्न जसाच्या तसा खरा मानला, आणि त्याला एक काम दिलं.

नाव घेऊन तो गेला. गुरुजींनी दोन रविवार वह्या चाळल्या. सुरगाण्याचा तो भाग त्यांच्या घराण्याकडे नव्हता, म्हणून आणखी दोन घरी विचारलं. मिळालं नाही. तोवर मुलगा त्यांच्या शेजारी बसून पानं बघत होता, आणि त्याने विचारलं होतं की ही रेघ आधी मारलीय की अक्षरं आधी.

मोडीत रेघ आधी. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात न उचलता. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. या मुलाच्या मराठीच्या वहीत दर ओळीला लाल गोल असायचे, बहुतेक वेलांटी-उकाराचे. वर्गात त्याच्या बोलण्याला हसायचे, म्हणून तो बोलायचा नाही. लिहिणंही जवळजवळ थांबलं होतं. गुरुजींनी त्याला सांगितलं, ‘इथे पहिली-दुसरी वेलांटी असलं काही नाही, तू लिही.’ त्याने पहिल्यांदा आजीचं नाव लिहिलं. गुरुजी त्याला ‘कारकून’ म्हणू लागले. मोडी लिहिणाऱ्याला तेव्हा हीच पदवी होती, आणि मुलाने ती मनावर घेतली.

पुरानंतर मी दुसरी चूक केली. पंचवीस वर्षं अनुभव असलेल्या एका सहकाऱ्याशी बोलून मी समितीला शिफारस लिहायला घेतली की हा संपर्क थांबवावा. कारणं खोटी नव्हती. नात्यागोत्याचा नसलेला म्हातारा पुरुष, एकटं आणि ओढाळलेलं मूल, घरच्यांना महिनाभर पत्ता नाही, त्यात पुराचं पाणी. आमच्या कामात अशा वेळी आधी दार बंद करतात, मग विचार करतात. एरवी ते बरोबरही असतं.

कच्चा मसुदा काकूंनी वाचला. त्या सातवी शिकलेल्या. म्हणाल्या, ‘ताई, याने कपाटात कपडे ठेवले. परवा. पिशवी रिकामी करून मला दिली, भाजी आणायला घ्या म्हणाला. त्या दिवशी घरी आल्यावर ठेवले. तुम्ही हे थांबवलंत ना, तर तो पुन्हा पिशवी भरेल.’ मग थोड्या वेळाने, ‘तुम्हाला म्हाताऱ्याची खात्री नाही ना? मग खात्री करू. मी जाते रविवारी बरोबर.’

खात्री करणं हे खरं काम होतं, आणि ते आम्ही रेटून केलं. पोलिसांकडून पडताळणी. न सांगता माझ्या तीन भेटी. गुरुजींच्या पत्नीशी स्वतंत्र बोलणं, वाड्यातल्या दोन भाडेकरूंशी बोलणं. बसायचं ते ओसरीवर, जिथून गल्ली दिसते आणि गल्लीला ओसरी दिसते. आतल्या खोलीत नाही, माडीवर एकट्याने नाही. पहिले दोन महिने काका किंवा काकू बरोबर. वेळ रविवारी सकाळी दोन तास, बुधवारी शाळेनंतर एक तास. मुलाशी मी चांगल्या-वाईट स्पर्शाबद्दल पुन्हा सविस्तर बोलले आणि कोणाला सांगायचं त्यांची नावं त्याच्याकडून वदवून घेतली. गुरुजींना हे सगळं अपमानास्पद वाटेल अशी मला भीती होती. ते म्हणाले, ‘विचारा. माझ्या नातवाबाबत मीही हेच विचारलं असतं.’

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम पाहिली. मुलगा आदिवासी, घर उपाध्यांचं, आणि गल्ली काळाराम मंदिराच्या हाकेच्या अंतरावर. १९३० साली त्या मंदिराच्या दारात बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह मांडला, तो १९३५ पर्यंत चालला, तरी दार उघडलं नव्हतं. नाशिकमध्ये मुलांसाठी काम करणाऱ्याला हे विसरून चालत नाही. म्हणून मी बघत राहिले: तो पाणी कोणत्या पेल्याने पितो, वह्यांना हात लावल्यावर काही होतं का, जेवायला कुठे बसवतात. माठ एकच होता. वह्या त्याच्या हातात होत्या. जेवण स्वयंपाकघरात, गुरुजींच्या पाटाशेजारी. एकदा शेजारच्या एका बाईंनी काहीतरी टोचून विचारलं, तेव्हा गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, ‘पुरात वह्या वर कोणी नेल्या? तुम्ही?’ हे मी स्वतः ऐकलं.

शिफारस मी बदलली. समितीपुढे सांगितलं की पळून जाण्याच्या पाचही नोंदींमध्ये ठिकाण एकच आहे, हे आम्ही पाहूनही वाचलं नाही. आदेशात गुरुजींच्या भेटी नमूद झाल्या. त्यानंतर आजपर्यंत तो एकदाही न सांगता गेलेला नाही.

आजीचा प्रश्न मात्र तसाच होता. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या मदतीने गावातला एक चुलतमामा शोधला. फोनवर नीट बोलेना, म्हणून मी आणि काका गेलो. मामा म्हणाला, अस्थी वगैरे काही नाही, आमच्यात पुरतात. गावाच्या खालच्या अंगाला, नार नदीच्या काठी. आजीला गंगेवर कोणी आणलंच नव्हतं. इतके महिने हा पोरगा चुकीच्या नदीवर तिची वाट बघत होता.

हे त्याला कोणी सांगायचं यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. मी सांगणार होते, माझ्या कामाचा भाग म्हणून. गुरुजी म्हणाले, शोधायला त्याने मला सांगितलं होतं, तेव्हा उत्तर मी द्यायला हवं. शेवटी ओसरीवर सगळेच बसलो, काकूंसकट. गुरुजींनी एवढंच सांगितलं की तुझी आजी माझ्या वहीत नाही, कोणाच्याच वहीत नाही, कारण ती इथे आली नाही. ती तुमच्या गावात आहे, मामाला जागा माहीत आहे. मुलगा रडला नाही. त्याने विचारलं, ‘मग तुमच्या वहीत लिहा ना, इथं.’

गुरुजी नाही म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, ‘या वहीत जो आला त्याचंच नाव लागतं. न आलेल्याचं लिहिलं तर उद्या ही वही कोणी खरी मानणार नाही. पण वही तूही घालू शकतोस. सगळ्या वह्या कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा घातल्याच की.’

दुसऱ्या रविवारी काकांनी भद्रकालीतून लांब रोजमेळाच्या आकाराची, लाल कापडी बांधणीची वही आणून दिली. छापील चौकटी नसलेली. पहिल्या पानावर मोडीत आजीचं नाव, गाव, ‘नारच्या काठी’. त्याखाली आईचं नाव, ‘दिंडोरीच्या बागेवर’. मग एक पान कोरं. मग पंचवटीचा पत्ता, काका, काकू, लग्न झालेली ताई, आणि ‘आलो’ त्या दिवसाची तारीख. ती तारीख त्याने फाइलमधून मागून घेतली. सही मोडीत. काकूंना मोडी येत नाही, त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवून विचारलं हे काय आहे, आणि त्याने वाचून दाखवलं. माझी छापील ‘माझी गोष्ट’ वही मी फाइलला लावून टाकली, कोरीच.

शाळेचं सांगायचं तर मराठीच्या वहीतले लाल गोल कमी झाले आहेत, गेलेले नाहीत. अजूनही रात्री तो कधीकधी उठून दाराची कडी तपासतो. ताटात परत मागतो, पण फक्त भात. आदेश एक वर्षाने वाढला आहे, त्यापुढचं समिती ठरवेल, आणि हे त्याला माहीत आहे. गुरुजींचं वय सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल मी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली आहे. मधे त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा आठवडाभर हाच त्यांना जुनी पानं वाचून दाखवत होता. अडलं की अक्षराचं वळण शब्दांनी सांगायचा, ‘खाली जाऊन परत वर येतंय’, आणि गुरुजी पट्टी बांधलेल्या डोळ्याने ओळखायचे.

दिवाळीत मामाकडे चार दिवस पाठवलं, समितीच्या परवानगीने, काका स्वतः सोडायला आणि आणायला. निघताना गुरुजींनी काम दिलं होतं: गावातल्या जुन्या माणसांना विचारून आजीच्या आधीची नावं आणायची. तो परत आला तो शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर चौदा नावं घेऊन. आजीच्या वडिलांची दोन नावं होती. एका म्हातारीने एक सांगितलं होतं, मामाच्या बापाने दुसरं. कोणतं लिहू, असं त्याने विचारलं. गुरुजींनी वहीत रेघ मारून घ्यायला सांगितली आणि त्या रेघेखाली जागा मोकळी सोडायला लावली. ‘राहू दे. मे महिन्यात जाशील तेव्हा अजून दोघांना विचार.’